उड्डाणपूल होईल तेव्हा होईल, काम चालू असताना माणसं कुठून चालणार?

सातरस्ता

मंडळी, सोलापुरात होऊ घातलेल्या दोन उड्डाणपुलांवर आपण आजवर भरपूर भांडलोय. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन हा एक, जुना बोरामणी नाका ते मोरारजी पेठ हा दुसरा. जागा कुणाची जाते, पैसा कुणी भरायचा, हत्तूर-केगाव बायपास झाल्यावर एवढ्या खर्चाची गरज उरली का, यावर दोन्ही बाजूंनी लिहून झालंय. आज तो विषय बाजूला ठेवू या.

मला काळजी आहे ती बांधकामाच्या काळाची. समजा भूसंपादन संपलं आणि काम सुरू झालं. रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहतील. आधीच अपुऱ्या असलेल्या रस्त्याचे दोन बोळ होतील. सिटी बस, रिक्षा, टमटम, उसाचे ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि पायी माणसं, सगळ्यांनी त्याच बोळातून जायचं. तेही एखाद-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. एवढा काळ शाळेची पोरं रस्ता कुठे ओलांडणार? घरी वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायका कुठून चालणार?

ही नुसती मनातली भीती नाही. ३१ मार्च २०१६ ला कोलकात्यात विवेकानंद रोडचा अर्धवट उड्डाणपूल कोसळला, पंचवीसहून जास्त माणसं गेली. १५ मे २०१८ ला वाराणसीत काम चालू असलेल्या पुलाचे बीम खालच्या वाहनांवर पडले. १० जानेवारी २०२३ ला बंगळुरूत मेट्रोच्या खांबासाठी उभा केलेला सळ्यांचा सांगाडा रस्त्यावर आडवा झाला आणि दुचाकीवरून जाणारी आई आणि तिचं लहान मूल गेलं. या तिन्ही ठिकाणी पुलावरून अजून एकही गाडी गेली नव्हती. जी माणसं गेली ती खालच्या रस्त्याने आपापल्या कामाला निघाली होती.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणूस गेल्यावर एक लाख. म्हणून जे मागायचं ते आधी मागायला हवं. पहिला पत्रा रोवण्यापूर्वी वाहतूक आणि पादचाऱ्यांचा आराखडा शहरासमोर ठेवलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. पुलाच्या बाजूचे असा की विरोधातले, या एका गोष्टीवर तरी एकत्र येता येईल का?

बाळेकर

सातरस्ता, तुमची तळमळ खरी आहे. पण असे मुद्दे निघाले की प्रकल्प पुन्हा फायलीत जाऊन बसतो, ही आमची भीती आहे.

मी बाळ्यात राहतो. पुणे नाक्याचा चौक मला रोज लागतो. गाळप हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात त्या ट्रॉल्या दिसतच नाहीत. आमच्या गल्लीतला एक पोरगा जडवाहनाखाली गेला. त्याच्या आईला जाऊन कसं सांगू की सुरक्षिततेसाठी आपण पूल थांबवतोय? २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. ती काही पुलाच्या बांधकामाखाली गेली नाहीत, असल्याच रस्त्यांवर गेली. काम सुरू असतानाचा धोका तुम्ही मोजताय, पण काम सुरू न होण्याचाही धोका मोजा.

सातरस्ता

बाळेकर, थांबवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आराखडा तयार करायला पूल थांबवावा लागत नाही. भूसंपादनात इतकी वर्षं गेली, त्यातले काही महिने या कामाला दिले असते तर आज तो तयार असता. आणि तुम्ही दिलेल्या आकड्यातला जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा आहे, तेही बघा. पुलाने त्यांचा रस्ता ओलांडणं सोपं होतंच असं नाही.

स्थापत्य_सत्तरफूट

या विषयावर थोडं सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या शहरांत अशा कामांवर मी राहिलोय.

उड्डाणपुलाच्या कामातला धोका सगळीकडे सारखा नसतो, तो टप्प्याटप्प्याने बदलतो. आधी युटिलिटी हलवायच्या असतात, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, केबल. सोलापुरात हा टप्पा सर्वात त्रासाचा होणार. जुन्या भागात कुठली लाइन कुठून गेलीय याचे नकाशे आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ क्वचितच बसतो. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात मुख्य लाइन फुटली तर लोकांचे किती हाल होतील याचा अंदाज कुणालाही येईल. या टप्प्यात रात्री उघडे राहिलेले चर हा मुख्य धोका.

मग पाया. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खोदलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात. खड्ड्याला लागूनच वाहतूक सुरू असेल तर कडेवर भार येतो. म्हणून खड्डा आणि चालता रस्ता यांत अंतर हवं आणि मध्ये काँक्रीटचे जड अडथळे हवेत. नुसता पातळ पत्रा गाडी अडवत नाही. तो फक्त आतलं काम झाकतो. पत्र्याच्या आड काय आहे ते दुचाकीवाल्याला दिसत नाही, आणि पत्रा संपतो तिथून अचानक माणूस रस्त्यावर येतो. चौकाजवळ पत्र्यांची उंची कमी ठेवून वर जाळी लावावी लागते, म्हणजे पलीकडचं दिसतं. एवढी साधी गोष्ट, पण बहुतेक ठिकाणी ती केलेली नसते.

त्यानंतर खांब. सळ्यांचा पिंजरा उभा करतात तेव्हा त्याला चारही बाजूंनी ताण देऊन बांधायचं असतं, काँक्रीट भरेपर्यंत. बंगळुरूला तोच पिंजरा रस्त्यावर आला. नियम सोपा ठेवा: पिंजरा जितका उंच, तो कुठल्याही बाजूला पडला तर जिथवर पोहोचेल तिथवर माणूस आणि गाडी नको. सोलापूरच्या रस्त्यांच्या रुंदीत हे दिवसा जमणारच नाही. म्हणजे ते काम रात्री, रस्ता पूर्ण बंद करून. गर्डर, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळया, चढवतानाही तेच. क्रेन उचलत असताना खालून 'जाऊ द्या हो दोन मिनिटं' म्हणणारी गर्दी असते, आणि पोलीस नसला तर वाहतूक सांभाळणारा वॉर्डन त्यांना सोडतो. वाराणसीत बीमखाली वाहनं होती. ती तिथे असायलाच नको होती, धडा एवढाच आहे.

इंडियन रोड काँग्रेसची आयआरसी एसपी ५५ ही पुस्तिका याच विषयावर आहे: काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी हाताळायची. आधी सूचना देणारा पट्टा, मग लेन हळूहळू बदलणारा पट्टा, मग प्रत्यक्ष कामाची जागा, मग परत मूळ रस्त्यावर आणणारा पट्टा. हे चारही भाग कागदावर मोजमापासह दाखवायचे असतात. निविदेत त्यासाठी वेगळी रक्कम आहे की ती 'इतर' मध्ये घातलीय, हे आधी तपासा. रक्कम वेगळी नसेल तर ठेकेदार सगळ्यात आधी तिथेच वाचवतो. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, नाव घेणार नाही.

घरकुल_कुंभारी

स्थापत्य दादा, तुम्ही लिहिलेलं सगळं समजलं असं नाही, पण चर आणि पत्रे नीट समजले. मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. २००६ साली दहा हजार घरं झाली ती. आई विड्या वळायची, मी शहरात कपड्याच्या दुकानात कामाला जाते. आता शेजारी रे नगर झालंय, तीस हजार घरांचं, जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. एवढी माणसं शहराच्या पूर्व बाजूला राहायला आली आणि कामं सगळी शहरातच. आम्ही शेअर रिक्षानं येतो. बस आली तर बसनं.

इथं सगळे गाडी कशी जाईल ते बोलायलेत. रिक्षा कुठं थांबणार ते कुणीच विचारत नाही. आत्ता रिक्षा चौकात थांबते, आम्ही उतरतो, रस्ता ओलांडतो. पत्रे लागल्यावर पोलीस रिक्षाला चौकात थांबू देणार नाहीत. मग ती पुढं कुठंतरी अर्धवट जागी सोडणार, जिथं ओलांडायला जागाच नाही. तिथून बायका पत्र्याच्या कडेकडेनं मागं चालत येणार, समोरून गाड्या अंगावर. संध्याकाळी परत जाताना अंधार. डोक्यावर विडीचा पाला, हातात पिशवी, सोबत लेकरू. मागच्या एका रस्त्याच्या कामात माझी मोठी जाऊ अशाच उघड्या चरात पडली. तिथं दिवा नव्हता, दोरी नव्हती. पायात रॉड घातलाय, विड्या वळायला मांडी घालून बसता येत नाही तिला. त्या कामावर कोण होतं ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही आम्हाला.

मी पुलाच्या विरोधात नाही काका. पूल झाला तर कदाचित आमची रिक्षा लवकर पोहोचेल. पण आम्ही पुलावरून नाही, खालूनच जाणार. खालचा रस्ता कसा असणार ते सांगा.

सातरस्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मूळ लेखात मला जे नेमकं मांडायचं होतं ते सापडलं. रिक्षा थांबा आणि बस थांबा यांची तात्पुरती जागा हा आराखड्याचा पहिला मुद्दा करतो.

निवृत्त_वाहक

मी महापालिकेच्या परिवहनमध्ये कंडक्टर होतो. ताईंनी 'बस आली तर' लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, कारण खरं आहे ते.

एके काळी केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेतून शहराला नव्या जनबस मिळाल्या. लोक खूश होते. पुढे ९९ गाड्यांच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले, त्या डेपोत उभ्या राहिल्या, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. ज्या गाड्यांनी विडी घरकुल, होटगी रोड, विजापूर रोड, बाळे सगळं जोडायचं होतं त्या गवतात गंजल्या. चेसीला तडा म्हणजे गाडी कधी मोडेल याचा भरवसा नाही. त्या चालवल्या असत्या तर माणसं मेली असती, म्हणून उभ्या करणंच बरोबर होतं. पण त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही आणि सगळी माणसं दुचाकीवर आणि शेअर रिक्षात गेली. आज चौकाचौकांत जी गर्दी दिसते त्यातली बरीच तेव्हा बसमध्ये बसलेली असायची.

म्हणून माझं म्हणणं, पुलाचं काम काढायचं असेल तर त्याआधी बस वाढवा. पीएम ई-बस सेवा योजनेला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली, देशभरात दहा हजार ई-बसची. त्यातल्या सोलापूरच्या वाट्याच्या गाड्या काम सुरू होण्याआधी रस्त्यावर पाहिजेत, नंतर नाही. एका बसमध्ये पन्नास माणसं बसली तर पत्र्यांमधल्या बोळातल्या तेवढ्या दुचाकी कमी होतात. हे धोरण वगैरे नाही, रोज तिकीट फाडणाऱ्याला दिसतं ते सांगतोय.

मोरारजी_पेठ

आमचं दुकान पुलासाठीच्या जागेच्या मोजणीत आलंय. त्यामुळे मी विरोधक आहे हे आधीच सांगतो, नंतर कुणी म्हणायला नको. नुकसानभरपाईचं भांडण मी वेगळं लढतो, ते इथे आणत नाही.

सुरक्षिततेबद्दल एकच. पुलाखालच्या जागेचं काय होणार? दुसऱ्या शहरांत बघितलं, पुलाखाली अंधार, भंगार, दारू, आणि रात्री नऊनंतर बाईमाणूस त्या बाजूने जात नाही. सहा महिने दिवे लागतात, मग जातात. दुकानं होती तोवर त्या रस्त्याला दिवे होते, माणसं होती, कुणाला चक्कर आली तर बाकडं आणि पाणी होतं. आम्ही उठल्यावर ती नजर कोण ठेवणार? पुलाखालच्या दिव्यांची देखभाल कोण करणार, महामार्ग प्राधिकरण की महापालिका, हे लेखी पाहिजे. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दिवा बंदच राहतो.

माहेर_सोलापूर

मी आता धारवाडला असते. आमच्याकडे हुब्बळी-धारवाड बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आहे, २०१८ पासून बस धावतात, साधारण बावीस किलोमीटर. इथल्या थांब्यांची रचना सांगते, कारण सोलापूरला त्याचा उपयोग आहे.

थांबे रस्त्याच्या मध्यभागी आहेत. म्हणजे बस पकडायची तर प्रत्येक प्रवाशाने निम्मा रस्ता ओलांडायचाच. म्हणून पायी ओलांडण्याची सोय हा त्या रचनेचा गाभा झाला. ती सोय जिथे नीट असते तिथे म्हातारी माणसंही निवांत जातात, जिथे कमी पडते तिथे लोक रेलिंगच्या फटीतून घुसतात. लोकांना दोष देऊन उपयोग नसतो. माणूस जवळचाच रस्ता घेतो. पादचारी पूल बांधला तर गुडघे दुखणारी बाई तो चढत नाही, खालूनच धावते.

उड्डाणपुलाचंही असंच. चौकावरचा सिग्नल काढला की गाड्यांना बरं, पण पायी माणसाचा लाल दिवाही जातो. पुलाखालच्या चौकात सिग्नल राहणार की नाही, हा प्रश्न आत्ताच विचारा.

बाळेकर

माहेर_सोलापूर, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. चौकातला सिग्नल कायम ठेवायला माझी हरकत नाही, उलट हवाच.

अपघात_विभाग

मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीला दोन गोष्टी दिसतात. एक, डोक्याला मार लागलेले दुचाकीस्वार. दुसरं, अॅम्ब्युलन्स उशिरा आली असं सांगणारे नातेवाईक.

आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, फक्त सोलापूरचं नाही. धाराशिवकडून, विजयपूरकडून, कलबुर्गीकडून पेशंट येतात. शहरात शिरल्यावर शेवटची दोन-तीन किलोमीटर सगळ्यात जास्त वेळ खातात. पुण्याकडचा आणि हैदराबादकडचा, दोन्ही रस्त्यांवर एकाच वेळी पत्रे लागले तर अॅम्ब्युलन्सला तिसरा मार्ग कुठला? डोक्यात रक्तस्राव झालेल्या माणसासाठी वीस मिनिटं म्हणजे काय ते मी शब्दांत सांगू शकत नाही. प्रसूतीच्या बायकांचंही तेच.

माझी मागणी एकच आहे: दोन्ही पुलांचं काम एकाच वेळी काढू नका. एक रस्ता मोकळा राहू द्या. आणि पत्र्यांच्या मध्ये ठरावीक अंतरावर उघडणारी फाटकं ठेवा, किल्ली वॉर्डनकडे चोवीस तास. अग्निशमनच्या बंबालाही तीच लागतील. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्या दिवसानंतर बंब किती वेळात पोहोचतो हा प्रश्न या शहरात कुणी किरकोळ समजू नये.

स्थापत्य_सत्तरफूट

फाटकांची सूचना अतिशय महत्त्वाची आहे, आणि ती निविदेच्या अटींत बसू शकते. दोन कामं आलटून पालटून करणं खर्चिक पडतं असं सांगतील, कारण यंत्रं आणि माणसं दोनदा आणावी लागतात. तरी आग्रह धरा. किमान एवढं तरी: एका पुलाचे पाये पूर्ण होऊन रस्ता दोन्ही बाजूंनी मूळ रुंदीच्या जवळ आल्याशिवाय दुसऱ्यावर खोदाई नाही.

पुलाच्या उतरणीबद्दल राहून गेलं. वरून साठ-सत्तरच्या वेगाने उतरणारी गाडी आणि खालून वळणारी रिक्षा जिथे भेटतात तिथे अपघात होतात. पत्रकार भवनाच्या बाजूला विजापूर रोडची सगळी गर्दी आहे. तिथे उतार संपतो आणि लगेच वळण असेल तर ते डिझाइनमध्येच बदलायला हवं, नंतर गतिरोधक टाकून भागत नाही. हैदराबादचा बायोडायव्हर्सिटी उड्डाणपूल आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये, खुला झाल्यावर काही दिवसांतच, वेगात आलेली गाडी वळणावर कठडा ओलांडून खाली पडली आणि खाली उभी असलेली बाई गेली. त्यानंतर पूल बंद करून वेगावर मर्यादा आणि इतर उपाय केले गेले. वळण, उतार, कठड्याची उंची, हे कागदावर असतानाच तपासायचं असतं. त्यालाच रोड सेफ्टी ऑडिट म्हणतात, आणि ते डिझाइनच्या टप्प्यावर करायची तरतूद आयआरसीच्या एसपी ८८ पुस्तिकेत आहे.

होम_मैदान

दोन प्रसंग विसरू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, त्या दिवसांत रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडवरून माणसं चालतच येतात. आणि आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून मंगळवेढ्याकडे जाते. वारकरी पहाटे अंधारात निघतात. या दिवसांत कामाचं वेळापत्रक काय असेल? पत्रे मागे घेणार का? क्रेन बंद राहणार का? मिरवणुकीच्या वाटेवर थेट पूल येवो न येवो, वळवलेली वाहतूक नेमकी जुन्या शहरात शिरते.

आसरा_चौक

मी कॉलेजात शिकतो. सगळं वाचलं. पण हे मागायचं कुणाकडे? पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, जागा महापालिकेची, वाहतूक पोलिसांची. तिघांपैकी कुणाकडे गेलं की 'आमच्याकडे नाही' ऐकावं लागणार.

सातरस्ता

आसरा_चौक, बरोबर विचारलंस. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन, बांधकाम, महामार्ग, सगळे त्या टेबलाला बसतात. निवेदन तिथेच द्यायचं, आणि बाकी तिघांना प्रत. त्यासोबत माहिती अधिकारात वेगळा अर्ज: सुरक्षा ऑडिट झालं का, झालं असेल तर अहवालाची प्रत, निविदेत वाहतूक व्यवस्थापनासाठी किती रक्कम धरली, सल्लागार कोण.

निवेदनाचा मजकूर तुमच्या प्रतिसादांतून असा बांधतोय. पुलाच्या बाजूने वा विरोधात त्यात एक शब्दही नसेल. काम सुरू होण्यापूर्वी किमान तीन महिने आराखडा जाहीर करावा आणि तो चौकाचौकांत फलकावर लावावा. संकेतस्थळावरची पीडीएफ पुरेशी नाही, कारण ज्यांना चालायचं आहे ते ती उघडत नाहीत. बस आणि शेअर रिक्षाचे तात्पुरते थांबे आधी ठरवावेत आणि प्रत्येक थांब्याला लागून, दिवे असलेली ओलांडायची जागा द्यावी. पायी जाण्यासाठी पत्र्यांच्या बाहेरून सलग पट्टा हवा. आयआरसी १०३ या पादचाऱ्यांच्या सोयींवरच्या पुस्तिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, बांधकामाच्या काळातही त्याच्या जवळपास जावं. दोन्ही पुलांची खोदाई एकाच वेळी नको. अॅम्ब्युलन्स आणि बंबासाठी फाटकं. पिंजरा आणि गर्डरचं काम फक्त रात्री, रस्ता पूर्ण बंद ठेवून, आणि त्या तारखा आठवडाभर आधी जाहीर. काम चालू असेपर्यंत जडवाहतूक चोवीस तास बायपासनेच, उसाच्या ट्रॉल्यांसकट. पुलाखालच्या चौकांत पादचारी सिग्नल कायम. दिव्यांची जबाबदारी कुणाची ते लेखी. गड्डा आणि पालखीच्या दिवसांत काम बंद. आणि प्रत्येक शंभर मीटरवर ठेकेदाराचं नाव आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर असलेली पाटी, म्हणजे घरकुलच्या ताईंच्या जावेसारखं कुणाला 'कुणाचं काम होतं' हे शोधत फिरावं लागणार नाही.

बाळेकर

सही करतो. जडवाहतुकीचं कलम सर्वात वर घ्या. ते पूल होवो न होवो, उद्यापासून लागू व्हायला हवं. बायपास आहे, अंमलबजावणी पाहिजे. अजून एक अट माझ्याकडून: आराखडा देण्याची तारीख ठरवून मागा. तारीख नसली तर याच निवेदनाचं कारण सांगून काम लांबवतील आणि मग मी तुमच्याशी परत भांडायला येईन.

मोरारजी_पेठ

मीही सही करतो. माझा विरोध कायम आहे, पण हे निवेदन वेगळं आहे.

निवृत्त_वाहक

ई-बसचं वाक्य घालायचं राहिलं. काम सुरू होण्याआधी बस, असं स्पष्ट लिहा.

सातरस्ता

घातलं काका, थांब्यांच्या आधी.

घरकुल_कुंभारी

मराठीत नुसतं लिहून आमच्याकडं सह्या होणार नाहीत. वसाहतीत अर्ध्या बायका तेलुगू बोलतात, काही कन्नड. त्यांना वाचून दाखवावं लागेल. रविवारी दुपारी सगळ्या घरी असतात, विड्या वळत बसलेल्या. कुणी येणार असेल तर मी गल्ल्या दाखवते.

पद्मशाली_चौक

ताई, तेलुगूत मी लिहून देतो. मोठ्या अक्षरात, एका पानावर. पिंजरा, गर्डर असले शब्द काढून सरळ बोलीत. रविवारी मी येतो, माझी आईपण येईल, ती त्या बायकांशी माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. कन्नडसाठी कुणी आहे का?

माहेर_सोलापूर

कन्नड मी करते. शनिवारपर्यंत मजकूर पक्का करून इथेच टाका, रात्रीत देते.